जहाजावरील निर्वात शौचकूप

बेळगाव आणि बंगळुरू यांना जोडणारी वंदे भारत गाडी १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाली. पहाटे बेळगावहून निघालेला प्रवासी दुपारी बंगळुरूस उतरतो. या सुमारे सहाशे किलोमीटरांच्या वाटेत केव्हातरी तो डब्याच्या टोकाकडील शौचकूपात जातो, कळ दाबतो आणि दचकतो. घरच्या सवयीने त्याला पाण्याच्या लोटाची अपेक्षा असते. येथे ओंजळ-दोन ओंजळी पाणी भांड्याच्या कडेवरून फिरते, मग क्षणभर ‘फस्स्’ असा मोठा आवाज होतो आणि भांडे रिकामे होऊन जाते. लहान मुले तर त्या आवाजाने भिऊन पुन्हा आत जावयास तयार होत नाहीत.

हा आवाज रेल्वेने जहाजाकडून उसना घेतलेला आहे. गेली सुमारे पन्नास वर्षे मोठ्या प्रवासी जहाजांवर, युद्धनौकांवर आणि पुढे विमानांत हीच व्यवस्था नांदत आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आणि नऊशे मीटरांहून अधिक उंचीवर वसलेल्या बंगळुरूसारख्या शहरातील वाचकालाही ती समजून घेण्याचे कारण आहे. त्याकडे आपण शेवटी वळणारच आहोत. तत्पूर्वी ही यंत्रणा जेथे वाढली त्या जहाजावर जाऊ.

प्रथम एका शब्दाची झडती घेणे आवश्यक आहे. या यंत्रणेला ‘निर्वात’ असे नाव पडले आहे आणि भाषांतरकारालाही दुसरा सोयीचा शब्द सापडत नाही. परंतु तो दिशाभूल करणारा आहे. ‘निर्वात’ म्हटले की नळीतील पोकळी मैला आपल्याकडे ओढून घेते असे चित्र मनात उभे राहते. पोकळी काहीही ओढत नाही. ओढण्यासाठी तेथे असतेच काय? खरे काम करते ती बाहेरची हवा. आपल्या डोक्यावर हवेचा जो अफाट थर आहे त्याचा भार समुद्रसपाटीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम इतका पडत असतो. तो सर्व बाजूंनी सारखाच असल्यामुळे आपल्याला जाणवत नाही. नळीच्या एका टोकाकडील हवा काढून घेतली की समतोल मोडतो आणि दुसऱ्या टोकाकडील हवा वाटेत येईल ते ढकलीत आत घुसते. पन्हे नळीने पिताना आपण ‘ओढतो’ असे म्हणतो. वस्तुतः ग्लासातील पन्ह्याला वातावरणच वर ढकलीत असते.

हा भार ठिकाणानुसार बदलतो हे १६४८ मध्ये पास्कालच्या मेहुण्याने फ्रान्समधील एका डोंगरावर पाऱ्याची नळी नेऊन दाखवून दिले. तोच प्रयोग मुंबई आणि बंगळुरू या दोन शहरांत करता येईल. मुंबईच्या किनाऱ्यावर वातावरण पाण्याचा स्तंभ सुमारे १०.३ मीटर उंच तोलून धरू शकते. बंगळुरूस ही उंची सव्वानऊ मीटरांच्या आसपास येते, म्हणजे जवळजवळ एक दशांशाने कमी. चेन्नईच्या समुद्रकाठावरून निघून बंगळुरूमार्गे म्हैसूरला जाणारी वंदे भारत गाडी (ती ११ नोव्हेंबर २०२२ रोजी सुरू झाली) हा फरक चढते व उतरते. तिच्या शौचकूपाला त्याची फारशी क्षिती नसते, कारण त्याला हवा असतो तो आत-बाहेरच्या दाबांमधील फरक आणि तो यंत्राने निर्माण केलेला असतो.

आता जहाजाची अडचण पाहू. घरात मैला वाहून नेण्याचे काम गुरुत्वाकर्षण करते. भांडे वर, गटार खाली आणि मधल्या नळाला थोडा उतार, एवढी व्यवस्था पुरते. साधारणपणे चाळीस मीटर लांबीला एक मीटर उतार द्यावा असे धरले, तर १२० मीटर लांबीच्या जहाजात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नळाला तीन मीटर खाली उतरावे लागेल, म्हणजे एक संपूर्ण मजलाच ओलांडावा लागेल. त्यातही जहाज स्थिर नसते. ते लाटांवर डोलते आणि माल किंवा इंधन यांच्या भाराप्रमाणे पुढे-मागे कलते. सकाळी जो उतार होता तो संध्याकाळी चढ होऊ शकतो. शिवाय अनेक खोल्या समुद्राच्या पातळीखाली असतात. तेथून मैला ‘खाली’ सोडावयाचा म्हणजे कोठे? बाहेर तर पाणीच उंच आहे.

या शेवटच्या अडचणीने एका जहाजाचा बळीही घेतला आहे. १४ एप्रिल १९४५ रोजी जर्मनीची यू-१२०६ ही पाणबुडी स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली असताना तिच्या शौचकूपाच्या झडपांमध्ये बिघाड झाल्याचे तिच्या कप्तानाने पुढे नमूद केले. तो शौचकूप निर्वात पद्धतीचा नव्हता. खोल पाण्यातही मैला जोर लावून बाहेर टाकता यावा अशी त्याची रचना होती आणि तो वापरण्याचा क्रम इतका क्लिष्ट होता की त्यासाठी माणूस शिकवून तयार करावा लागे. आत शिरलेले समुद्राचे पाणी विद्युत्घटांपर्यंत पोहोचले, क्लोरीन वायू निर्माण झाला आणि पाणबुडीला पृष्ठभागावर यावे लागले. तेथे तिच्यावर हल्ला झाला व अखेर खलाशांनीच ती बुडविली. या प्रसंगाकडे आजवर बहुधा विनोद म्हणूनच पाहिले गेले आहे; पण त्यात माणसे मेली, हे विसरून चालणार नाही.

मैला हवेच्या जोराने वाहून नेण्याची कल्पना मुळात समुद्रावरची नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चार्ल्स लिर्नूर नावाच्या डच अभियंत्याने लायडन, ॲमस्टरडॅम इत्यादी शहरांत घराघरांतून नळ्या टाकून, वाफेच्या यंत्राने पोकळी निर्माण करून मैला गोळा करण्याचा प्रयोग केला. हॉलंडची भूमी सपाट, पाणी अगदी वर. उतार आणावयाचा कोठून हाच तेथेही प्रश्न होता. ती व्यवस्था पुढे मागे पडली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर स्वीडनमधील जोएल लिलियेन्दाल यांनी प्रत्येक भांड्यालाच झडप जोडून निर्वात शौचकूपाला आजचे रूप दिले आणि १९७० नंतर जहाज बांधणाऱ्यांनी ते उचलून धरले.

त्याची रचना अशी. भांड्याच्या तळाशी एक झडप असते. एरवी ती बंद असते व तिच्यावर भांड्यात थोडे पाणी साचून राहते. झडपेच्या पलीकडच्या नळीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो. साधारणतः बाहेरच्याच्या निम्मा. म्हणजे झडपेच्या वर एक वातावरण आणि खाली अर्धे, अशी ताणलेली स्थिती चोवीस तास कायम असते. नळीचा व्यास पाच सेंटिमीटर धरला तर तिच्या तोंडावर या फरकामुळे सुमारे दहा किलोग्रॅमचा जोर पडतो. झडप उघडली की हा जोर मोकळा होतो.

प्रवाशाने कळ दाबली की अनेक रचनांमध्ये विजेचा प्रवाह मुळीच सुरू होत नाही. कळीखालच्या रबरी फुग्यातील हवा दाबली जाऊन एक हलका धक्का बारीक नळीवाटे भांड्यामागच्या पेटीत पोहोचतो. त्या पेटीत रबरी पडद्याच्या लहान झडपा असतात आणि त्या चालविण्यासाठी मुख्य नळीतीलच कमी दाब वापरलेला असतो. पहिल्याने पाण्याची झडप उघडते व भांड्याची कड धुतली जाते. लगेच तळाची झडप दोन-तीन सेकंद उघडते. त्या अवधीत भांड्यातील सर्व काही, आणि त्यामागोमाग सुमारे साठ लिटर हवा, नळीत शिरते. तो ‘फस्स्’ आवाज या हवेचाच. नंतर तळाची झडप मिटते आणि पाण्याची झडप क्षणभर अधिक उघडी राहून भांड्यात पुन्हा थोडे पाणी भरते. या साऱ्याला लागते सुमारे एक लिटर पाणी. आपल्या घरांतील जुन्या, उंचावर टांगलेल्या साखळीच्या टाक्या एका वेळी दहा लिटर किंवा त्याहून अधिक पाणी सोडीत. हल्लीच्या टाक्यांनाही सहा लिटर तरी लागते.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. झडपा चालविणारी शक्ती नळीतील कमी दाबातूनच येत असल्यामुळे, पंप बंद पडून नळीतील दाब वाढला तर कळ दाबूनही तळाची झडप उघडत नाही. मैला भांड्यात राहतो, ही गैरसोय खरी. पण नळीतील घाण उलट खोलीत येत नाही. यंत्र बिघडते तेव्हा ते कोणत्या बाजूने बिघडते यावरून ते रचणाऱ्याचे शहाणपण कळते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

नळीत शिरलेला मैला दट्ट्याप्रमाणे पुढे सरकतो: मागे पूर्ण वातावरणाचा दाब, पुढे अर्ध्या वातावरणाचा. काही अंतरावर मागची हवा त्याला भेदून पुढे निसटते, दट्ट्या मोडतो आणि मैला नळीच्या तळाशी पसरतो. तो तसाच राहिला तर पुढच्या वेळची हवा त्याच्यावरून नुसती वाहून जाईल. म्हणून लांब आडव्या नळीला ठराविक अंतरावर मुद्दाम खाली बाक दिलेला असतो. पसरलेला मैला घरंगळत त्या खळग्यात जमतो, नळी भरून टाकतो आणि पुन्हा दट्ट्या तयार होतो. पुढे कोणीतरी कळ दाबली की तो पुढच्या खळग्यापर्यंत जातो. थोडक्यात, मैल्याचा प्रवास सलग नसून टप्प्याटप्प्यांचा असतो आणि प्रत्येक प्रवासी नकळत आधीच्याचा मैला पुढे ढकलीत असतो. उतार आवश्यक नसल्यामुळे नळी छतावरून नेता येते, अडथळ्याला वळसा घालता येतो, काही मीटर सरळ वरही चढविता येते. जहाजाच्या पोटात पाणी शिरल्यास ते एकाच कप्प्यात अडावे म्हणून ज्या जाड आडभिंती असतात त्यांना भोक पाडणे सर्वांनाच नको असते. दहा सेंटिमीटरच्या नळाऐवजी पाच सेंटिमीटरची नळी पुरली, हा जहाज बांधणाऱ्याच्या दृष्टीने लहान लाभ नव्हे.

दाब कमी ठेवण्याचे काम पंप करतात. एका प्रकारात टाकीतील मलजलच पंपाने जोरात फिरवून अरुंद तोटीतून सोडतात. त्या वेगवान धारेबरोबर नळीतील हवा खेचली जाते. डास मारण्याच्या जुन्या हातपंपात हवेची धार औषधाला बाटलीतून वर आणी, त्याच जातीची ही क्रिया. दुसऱ्या प्रकारात मळसूत्री पंप हवा आणि मैला दोहोंना एकदमच पुढे नेतो आणि त्याच्या तोंडाशी बसविलेली पाती घन भागाचा भुगा करते. पंप सतत चालत नाही. दाब ठरलेल्या मर्यादेवर चढला की तो आपोआप सुरू होतो व पुरेसा उतरला की थांबतो. त्यामुळे अनुभवी जहाज-अभियंता पंपाकडे न पाहता त्याचा आवाज ऐकतो. मध्यरात्री, सर्व प्रवासी झोपले असताना, पंप दर दोन मिनिटांनी जागा होत असेल तर कोठेतरी झडप नीट मिटलेली नाही असे समजावे. मग एकेका शाखेचा नळ बंद करीत, पंप कोणत्या शाखेवर शांत होतो हे पाहत गळती शोधावी लागते.

शौचाच्या वेळी भांड्याला माणूस चिकटून बसतो, अशा कथा खलाशांत आणि विमानप्रवाशांत आवडीने सांगितल्या जातात. आसन व भांडे यांच्यात हवेला वाट ठेवलेली असते. तरीही उठून, झाकण लावून मगच कळ दाबावी हे उत्तम.

खरे दुखणे वेगळेच आहे. पाण्याचा अंश कमी म्हणजे मैला दाट. लघवीतील क्षार नळीच्या आतल्या अंगाला थरावर थर बसतात. धुण्यासाठी समुद्राचे पाणी वापरले तर हा थर आणखी लवकर वाढतो. चुनखडीसारखा कठीण असा हा लेप पाच सेंटिमीटरची नळी हळूहळू तीनची करून टाकतो. अमेरिकेच्या दोन प्रचंड विमानवाहू युद्धनौकांवरील नळ्या अशाच तुंबू लागल्या. त्या विशिष्ट आम्लाने धुवाव्या लागतात आणि अशा एका धुलाईस सुमारे चार लाख डॉलर खर्च येतो, असे त्या देशाच्या सरकारी लेखापरीक्षकांनी २०२० च्या अहवालात नोंदविले. दुसरे कारण मानवी आहे. कापडाचा तुकडा, दाताचा ब्रश, डबीचे झाकण, जे जे भांड्यात पडते ते झडपेत अडकते. ती एक झडप उघडी राहिली की तिच्यातून हवा आत शिरत राहते, संपूर्ण शाखेतील दाब चढतो आणि एका खोलीतील निष्काळजीपणाने तीस खोल्यांचे शौचकूप निकामी होतात.

नळीच्या शेवटी काय, हा प्रश्न उरतो. पूर्वी उत्तर सोपे होते: समुद्र. २७ सप्टेंबर २००३ रोजी जहाजांपासून होणाऱ्या प्रदूषणाविषयीच्या मारपोल या आंतरराष्ट्रीय कराराचे चौथे परिशिष्ट अमलात आले. त्यानुसार मोठ्या जहाजांना भुगा करून निर्जंतुक केलेला मैला किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडेच सोडता येतो. तसे न केलेला मैला बारा मैलांपलीकडे, जहाज चार नॉट किंवा अधिक वेगाने चालत असतानाच, आणि तोही एकदम न ओतता. मान्य पद्धतीच्या शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा विचार वेगळा होतो. बंदरात उभ्या असलेल्या जहाजाला म्हणूनच मैला साठवावा लागतो. प्रत्येक वेळी दहाऐवजी एकच लिटर पाणी मिसळले जात असेल तर टाकी किती लहान पुरेल, हे सांगावयास नको.

विमानाने हीच युक्ती १९८० नंतर घेतली. पूर्वी विमानात निळ्या रसायनाचे पाणी पुनःपुन्हा फिरवीत. त्याचे वजन फार होई. निर्वात पद्धतीत विमानाला एक देणगी आयतीच मिळते: सुमारे पाच हजार मीटरांवर गेल्यानंतर बाहेरची हवा इतकी विरळ असते की पंपाची गरजच उरत नाही.

रेल्वेची कथा मात्र वजनाची किंवा उताराची नाही. आपल्या गाड्यांच्या शौचकूपांची नळी थेट रुळांवर उघडत असे आणि स्थानकात गाडी उभी असताना वापर करू नये अशी पाटी लिहून रेल्वे मोकळी होई. ती पाटी कोणी पाळीत नसे. फलाटाजवळच्या रुळांवरील मैला कोणीतरी माणूस साफ करीत असे आणि तो माणूस कोणत्या जातीत जन्मलेला असे हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही. हाताने मैला उचलण्याच्या कामास मनाई करणारा नवा कायदा २०१३ मध्ये झाला. २७ मार्च २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेलाही या कामाचा शेवट करण्यासाठी कालबद्ध योजना आखण्यास सांगितले. संरक्षण संशोधन संस्थेच्या ग्वाल्हेर येथील प्रयोगशाळेने विकसित केलेल्या जीवाणूंच्या टाक्या डब्यांखाली बसविण्यात आल्या आणि २०२० च्या सुमारास जवळजवळ सर्व प्रवासी डब्यांचे हे काम पुरे झाले. वंदे भारतमध्ये त्या टाकीला निर्वात भांड्याची जोड मिळाली. गाडीत दाबाखालची हवा असतेच. ती तोटीतून सोडून भांड्यामागच्या पात्रात पोकळी निर्माण करता येते.

मराठी वाचकाला येथे अप्पासाहेब पटवर्धनांची आठवण होईल. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात, मैलासफाईचे काम आपल्यालाही करू द्यावे म्हणून, त्यांनी उपोषण आरंभले होते. पुढे कणकवलीच्या गोपुरीत त्यांनी मैल्याचे खत करणाऱ्या संडासाचा प्रसार केला. ते काम आपल्या अंगावर घेणे आणि ते कोणालाच करावे लागू नये अशी रचना शोधणे, या दोन्ही गोष्टी त्यांनी केल्या. निर्वात शौचकूप दुसऱ्या मार्गावरचा आहे. पण त्याने तो मार्ग संपत नाही. जहाजावर नळी तुंबली तर ती उघडणारा तंत्रज्ञ असतो. हातमोजे, हत्यारे आणि हुद्दा यांसह. आपल्या कार्यशाळांत टाकीचे झाकण उघडणाऱ्याला या तिन्ही गोष्टी मिळतात का, हे पाहिल्यावाचून यंत्राचे कौतुक अपुरे आहे.

आता बंगळुरूकडे वळू. या शहराचे जहाजाशी एका बाबतीत साम्य आहे: दोघांनाही पाणी सहज मिळत नाही. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरांवरून आणि पंपांच्या तीन टप्प्यांनी जवळजवळ अर्धा किलोमीटर उंच चढवून शहरात येते. १६ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालेल्या पाचव्या टप्प्याने त्यात दररोज ७७.५ कोटी लिटरांची भर पडली; त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात पाण्याचे टँकर शोधत फिरलेल्या नागरिकांना त्याचे मोल कळते. सहा लिटर पाणी पाचशे मीटर चढविण्यास, पंप अगदी निर्दोष मानला तरी, २९ हजार ज्यूलहून अधिक ऊर्जा लागते. ते एका कळीसरशी वाहून जाते. निर्वात पद्धतीत एक लिटर पाण्याचे सुमारे पाच हजार आणि साठ लिटर हवा अर्ध्या दाबावरून बाहेर काढण्याचे, हिशेबाने, चार हजार ज्यूल. प्रत्यक्ष निर्वात पंप निर्दोष नसतात म्हणून हा दुसरा आकडा चौपट धरला तरी बेरीज एकवीस हजारांवर जात नाही. म्हणजे समुद्रसपाटीवरच्या शहरात जी यंत्रणा विजेची उधळपट्टी ठरू शकेल, ती या पठारावर विजेचीही बचत करू शकते. मात्र कोठेही गळती नसावी. रात्रभर चालणारा एक पंप हा सारा हिशेब उलटा करील.

या हिशेबात आणखी एक वजाबाकी करावी लागते. पाश्चात्त्य तंत्रज्ञाने एक लिटर म्हटले ते कागद वापरणाऱ्या माणसासाठी. आपण पाण्याने धुतो. तो एक-दोन लिटरांचा तांब्या त्याच भांड्यात, त्याच टाकीत जातो. रेल्वेच्या टाकीत पाण्याखेरीजही पुष्कळ काही जाते: प्लास्टिकच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, लहान मुलांचे लंगोट. त्यावर तोडगा म्हणून रेल्वेने शौचकूपांत कचऱ्याचे डबे ठेवले. जुन्या डब्यांत धुण्यासाठी साखळीने बांधलेला एक मग असे. तो चोरीला जाऊ नये म्हणून ती साखळी होती. पण तिच्यामुळे तो कधी भांड्याच्या तोंडातही जात नसे.